तात्या, तुमच्या मृत्यूचं कारण

तात्या, एस.टी.च्या थांब्यावर तुमचा फलक लागला आहे. फोटो तुमच्या प्रशांतच्या लग्नातला. तुम्ही टाय लावला आहे आणि तो बळजबरीनं लावायला लावल्याचा राग तोंडावर तसाच आहे. खाली ‘वृद्धापकाळाने दुःखद निधन’ असं छापलंय. पोलादपूरला शाळेत जायची गाडी मी रोज तिथूनच धरते. हल्ली पाऊस असला तरी छत्री उघडून थांब्याच्या बाहेर उभी राहते.

फलकावर कुणीही काहीही छापतं, त्याचं एवढं नाही. पण तोच शब्द मी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितला. तुमच्या नोंदीत मृत्यूच्या कारणापुढे तो लिहिला गेला आणि माहिती देणाऱ्याची सही म्हणून खाली मी सही केली. गणित शिकवणाऱ्या बाईची स्वच्छ, वाचता येणारी सही. तुम्ही कशानं गेलात हे तेव्हा मला माहीत होतं.

हे आधी सांगून टाकते. बाकीचं जे लिहीन ते चांगलं आहे, आणि त्या चांगल्याखाली मला हे झाकायचं नाही.

लोकांना वाटतं, निवृत्तीनंतर तुम्ही वेळ घालवत होतात. आयुष्य आकडेवारीच्या कार्यालयात गेलेला माणूस, भात लावायला परत आला तरी आकडे सुटेनात, असं हसून म्हणायचे. तुम्ही नेमकं काय करता ते मला ठाऊक होतं, कारण निम्मं काम शेजारी आमच्या ओटीवर व्हायचं आणि चहा माझा असायचा. सरकारचं खातं सगळ्या जिल्ह्याची मोजदाद करतं, मग त्या खात्याची तब्येत कुणी बघायची, हा तुमचा प्रश्न होता. म्हणून दर दिवाळीनंतर तुम्ही खात्यालाच तपासायला घ्यायचात. कार्यालयात किती खुर्च्या रिकाम्या आहेत. अहवाल किती उशिरा आला. यंदाचा आकडा गेल्या वर्षीचाच उतरवून काढलाय का. चूक सापडली तर ती उघड कबूल केली, की पुढच्या अहवालात गुपचूप फिरवली. शेवटी दोन पानं लिहून तुम्ही वर पाठवायचात आणि ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ असं उत्तर यायचं. तुम्ही ते मला वाचून दाखवायचात आणि म्हणायचात, नोंद घेतात हे तरी बरं आहे, आता ती नोंद बरोबर घेतली का तेवढं बघायला हवं.

तुम्ही आमच्या नववीच्या वर्गावर आलात त्या दिवसाची आठवण मुलं अजून काढतात. प्रत्येकानं आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची वयं विचारून आणायची, असं तुम्ही आदल्या आठवड्यात सांगितलं होतंत. वयं फळ्यावर लिहिली तेव्हा सगळी साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि अगदी गंभीरपणे विचारलंत, “आपल्याकडे एकसष्ट-बासष्टच्या वर्षी माणसं जातात कुठं? मुंबईला?” वर्ग हसला. मग हसू थांबल्यावर तुम्ही सांगितलंत की ज्या आकडेवारीत शून्य आणि पाच जास्त दिसतात, तिथं कुणीतरी अंदाजानं बोललंय आणि कुणीतरी न विचारता लिहिलंय. मी इतकी वर्षं सरासरी शिकवत होते, पण सरासरी कशाची काढतोय हे मुलांना कधी विचारायला लावलं नव्हतं. त्या दिवसापासून विचारायला लावते. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. चहा दिला.

तुमची सगळ्यात आवडती कसोटी मृत्यूच्या नोंदींची होती. खातं निरोगी आहे का हे बघायचं तर माणसं कशानं मेली हे त्याला किती कळतं ते बघा, असं तुम्ही म्हणायचात. तुडीलच्या बाजूपासून कशेडी घाटाच्या पायथ्यापर्यंत तुम्ही ओळखी काढून फिरायचात आणि एकच गोष्ट बघायचात, ‘वृद्धापकाळ’ किती ठिकाणी लिहिलंय आणि कोणत्या वयाला. पंचावन्नच्या माणसापुढे तो शब्द दिसला की तुमच्या कपाळाची शीर उठायची. “बाई, वृद्धापकाळ हे वय झालं. कारण कुठंय?” हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की शेवटी शेवटी मी तुमच्याबरोबर ओठ हलवायचे आणि तुम्ही चिडायचात.

आपला वाद याच्यावरच होता. माझं म्हणणं सरळ होतं, लोक खोटं सांगतात. दारूनं मेला, फास लावून घेतला, बाळंतपणात गेली, विंचवावर मंत्र घालत बसले, कुणाला हे सांगावंसं वाटतं? खातं काय करणार? तुमचं म्हणणं उलट. एकदा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो, तुमचे गुडघे धरले होते आणि माझी टाच. तिथं आपलं चांगलंच वाजलं.

तुम्ही विचारलंत, “पोरगं ‘समजलं’ म्हणालं की तुम्ही पुढं जाता?”

मी म्हटलं, “फळ्यापाशी बोलावते.”

“मग? आपल्याकडे फळ्यापाशी बोलावणारा माणूसच ठेवलेला नाय. एका ग्रामसेवकाकडे तीन-तीन गावं. त्यानं विचारायचं कधी? माणसाला कुणी नीट विचारलं नाय की तो सोपं ते सांगून मोकळा होतो. त्याला खोटारडा म्हणू नका.”

मी म्हटलं, विचारलं नाही म्हणून खोटं बोलतो तो खोटारडाच. तुम्ही पाण्यात पाय आपटलात आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या अंगावर शिंतोडे उडाले.  मला खात्री होती की मी बरोबर आहे.

आता तुमच्या तापाचं लिहायला हवं.

बेणणीचे, भातातलं तण काढायचे दिवस होते. सगळी वाडी एकमेकांच्या भातात उतरत होती, तुमच्या खाचरात पलीकडची सुमन, तिचा नवरा, आणखी दोघी-तिघी. तुमच्या टाचेला भेग होती आणि तुम्ही अनवाणीच चिखलात. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन अंग दुखायची गोळी मागितलीत. पोटऱ्या कुणीतरी पिळतंय असं म्हणालात. मी डब्यातून गोळी दिली आणि दिवसभर वाकून बेणल्यावर पोटऱ्या दुखणारच, असं वर ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही घोंगडी घेऊन पडवीत बसलेले दिसलात. मी पेज पाठवली. माझ्याकडे चाचणीचे पेपर तपासायचे होते. ते मी तपासले आणि बेरजा दोनदा करून बघितल्या.

तिसऱ्या दिवशी तुमचे डोळे लाल दिसले तेव्हा रिक्षा करून महाडला नेलं. डॉक्टरांनी पोटरी दाबली तशी तुम्ही ओरडलात. त्यांनी रक्त घेतलं, संशय सांगितला आणि आजच दाखल व्हा म्हणाले. तुम्ही म्हणालात, “रिपोर्ट येऊ दे. आकडा हातात आला की ठरवू.”

तात्या, दुसरं कुणीही बरोबर असतं तर तुमच्याशी भांडलं असतं. सुमन असती तर हाताला धरून खाटेवर टाकलं असतं तुम्हाला. मी मान डोलावली. मला ते शहाणपणाचं वाटलं. पुरावा नसताना निर्णय घ्यायचा नाही, हे आपण दोघांनी एकमेकांना इतकी वर्षं ऐकवलं होतं की डॉक्टरांच्या समोर बसूनही आपल्याला तेच सुचलं. डॉक्टर दोनदा म्हणाले, उशीर करू नका. आपण गोळ्या घेतल्या आणि परत आलो. रिपोर्ट यायला माझाच नंबर दिला होता, तुमच्या फोनला वाडीत रेंज नसते म्हणून. घाटाखाली पाऊस लागला आणि तुम्ही रिक्षाच्या पडद्याआडून भाताकडे बघत होतात. यंदा चांगला उतारा पडेल म्हणालात.

उजाडता उजाडता सुमनचा नवरा दार वाजवत आला. मी आले तेव्हा तुम्ही गेला होतात.

प्रशांत विरारहून दुपारी पोचला. सगळं आटोपून लोक ओटीवर बसले होते तेव्हा माझ्या फोनवर रिपोर्ट आला. लेप्टो. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगेतून शिरणारा. मी तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि कुणाला चहा हवाय का विचारलं. ओटीवर बोलणं चाललं होतं की तात्यांना छान मरण आलं, कुणाला त्रास नाही, वय झालं होतंच.

प्रशांतला मी संध्याकाळी परसात गाठून सांगितलं. तो माझा विद्यार्थी, अजून मला बाईच म्हणतो. तो विहिरीच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, “बाई, म्हातारपणच राहू दे ना. ताप म्हटलं की लोक विचारणार, कधीपासून होता? मला फोनवर बोलले होते ते, थोडी कणकण हाय म्हणून. मी म्हटलं, उतरेल दोन दिवसांत. आता बाप तापानं फणफणत होता आणि पोरगा विरारला बसला होता, हे जन्मभर ऐकायचं का?”

मी म्हटलं, बरं.

त्याच्यासाठी म्हटलं असं मी स्वतःला सांगत होते. पण ‘कधीपासून’ या प्रश्नाच्या मागोमाग ‘शेजारी कोण राहतं’ हा प्रश्न येणार होता, हे मला त्याच्या आधी कळलं होतं. त्याला एकट्याला वाचवायचं असतं तर मी इतक्या चटकन बरं म्हटलं नसतं.

आरोग्य केंद्राच्या आशाताई दारावरून जाताना थांबल्या, तात्यांना ताप वगैरे होता का म्हणाल्या. मी म्हटलं, वय झालं होतं. मग ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक दुसऱ्या गावची सभा उरकून घाईत आला होता. नाव, पत्ता, आधार. कारण काय लिहू? मी सांगितलं. त्यानं मान वर न करता लिहिलं आणि सहीसाठी कागद सरकवला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, तात्या. अगदी तुम्ही म्हणायचात तसंच झालं. बाहेर येताना माझ्या मनात आलंसुद्धा की तुमच्या म्हणण्याप्रमाणे यात दोष माझा नाही, फळ्यापाशी न बोलावणाऱ्याचा आहे. तुम्ही दुसऱ्यांना समजून घ्यायला वापरलेली गोष्ट मी स्वतःला सोडवायला वापरली. त्या क्षणाची मला सहीपेक्षाही जास्त लाज वाटते.

मग सुमन आजारी पडली.

नळावर दिसली नाही म्हणून मी डोकावले. चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबत होती. “काय नाय हो बाई, अंग मोडलंय नुसतं. पोटऱ्यांना पिळा पडलाय.”  तिचा नवरा दारात विळा घासत होता. मी त्याला म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता महाडला न्या. तो माझ्याकडे बघून हसला, तुम्हा शिकलेल्यांना प्रत्येक तापाला डॉक्टर लागतो, असं काहीतरी म्हणाला. मग सहज म्हणाला, “आमच्या मनात पन शंका आली होती, तात्यांना असाच ताप होता म्हणून. पन तुम्हीच बोललात ना आशाताईंना, वय झालं होतं त्यांचं. म्हणून घाबरलो नाय.”

तो माझ्या शब्दावर निवांत बसला होता. वाडीत माझ्या शब्दाला किंमत आहे. उसनवारीचा हिशेब असो नाहीतर बचतगटाचा, बाई म्हणाल्या म्हणजे बरोबर.

मी फोन काढला आणि तुमचा रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि हा कधी आला तेही सांगितलं. त्यानं विळा खाली ठेवला.

“म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

तो तसाच उठला. जीप आणायला गेला. सुमनला मी आणि तिच्या जावेनं धरून रस्त्यापर्यंत उतरवलं. सरकारी दवाखान्यात तिला लगेच दाखल करून घेतलं. मी तिथूनच आशाताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं, त्यांच्याशी खोटं बोलले तेही. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची माणसं वाडीत आली, घरोघरी विचारून गेली, खाचरात उतरलेल्या प्रत्येकाला गोळ्या दिल्या, पायाच्या भेगा बघितल्या. आणखी एकाच्या अंगात ताप निघाला. एवढंच व्हायला हवं होतं, तात्या. तुमच्या नावापुढे खरं कारण वेळेवर लागलं असतं तर ही माणसं आधीच आली असती. आकडा कशासाठी असतो हे तुम्ही मला किती वर्षं समजावलंत. मला ते समजत होतं.

सुमन वाचली. परवा घरी आली. मी भेटायला गेले तर तिनं पाट दिला, पाणी दिलं, नेहमीसारखी बोलली. तिचा नवरा उठून मागच्या दारानं गेला. तो असा उठून जाईल तितके दिवस मी तिथं जात राहणार आहे.

तुमच्या बाराव्याला मी प्रशांतला सांगितलं की नोंद दुरुस्त करायला जाते आहे. तो चिडला. आता सगळं झाल्यावर कशाला उकरता, बाबा येणार आहेत का परत, असं म्हणाला. मी त्याला सुमनचं सांगितलं, त्यानं ते ऐकलंच होतं. जेवणाच्या पंगती चालल्या होत्या, तो वाढायला निघून गेला. मग ताकाचं भांडं घेऊन परत आला, माझ्यासमोर उभा राहिला. “मला फोनवर ताप सांगितला होता हे पन सांगा. तुमच्या एकटीवर नको.” एवढं म्हणून तो पुढच्या पानाकडे वळला. तुमचा मुलगा आहे तो. नोंद खरीच करू या, हे मी त्याला त्या संध्याकाळीच म्हणायला हवं होतं.

महाडच्या डॉक्टरांनी कागद दिला. दोनदा दाखल व्हायला सांगितल्याचं त्यांनी त्यात लिहिलंय, आणि ते वाचताना मी खुर्चीच्या काठावर बसले होते. तो आणि रिपोर्ट घेऊन आज ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं कागद उलटेपालटे करून बघितले. नावाची, तारखेची दुरुस्ती करायला माणसं येतात, म्हणाला, कारण बदलायला कुणी आल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानं सांगितलं की आधीचं खोडता येणार नाही. ते तसंच राहील आणि बाजूला दुरुस्ती लिहिली जाईल, वर अधिकाऱ्यांकडे कागद जातील, वेळ लागेल. मी म्हटलं, चालेल.

मग त्यानं अर्ज पुढे केला. आधी चुकीची माहिती का दिली, ते लिहायचं होतं.

मी पेन घेऊन थांबले. त्याला वाटलं, मला शब्द सुचत नाही. लोकांचे अर्ज भरून घेऊन घेऊन त्याचा आवाज मऊ, समजुतीचा झाला होता. तो म्हणाला, “बाई, ‘नजरचुकीने’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

तात्या, तो शब्द किती सोपा होता. त्यानं माझं भलंच चिंतलं होतं. आणि तुम्ही असतात तर त्याच्याच बाजूनं बोलला असतात, माणसाला फार अडचणीत टाकू नये म्हणून.

मी लिहिलं, ‘खरे कारण माहीत असूनही लाजेपोटी सांगितले नाही.’

त्यानं ते वाचलं. पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. “कशाची लाज?” त्यानं विचारलं. “उद्या वरून कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल.”

बाहेर त्याची दुसऱ्या गावची जीप हॉर्न देत होती. त्यानं हातानं तिला थांबायची खूण केली आणि समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले, टाचेच्या भेगेपासून.